मोजमापाची उधारी आणि अवकाशकचऱ्याची भाकिते

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांची नजर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे जाते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढ्या सांगण्यावरून सराफ बाजारातल्या दुकानदाराला कळते की आता माल वरच्या माळ्यावर न्यायचा की अजून थांबायचे. या मूर्तीमागे कसलेही अवघड गणित नाही. ती नदीत उभी आहे, पाणी जिथे आहे तिथेच ते मोजते, आणि तिचे मोजमाप सगळ्या शहराला एकाच वेळी दिसते. पुराचा अंदाज सांगणारा कितीही मोठा संगणक आणला तरी त्याला शेवटी नदीत उभ्या असलेल्या कुठल्यातरी पट्टीवरच्या आकड्याची गरज लागते.

उपग्रहांना अवकाशातल्या कचऱ्यापासून असलेल्या धोक्याची चर्चा सुरू झाली की नेमकी ही पट्टी विसरली जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, मशीन लर्निंग लाखो नोंदी वाचून कोणता तुकडा कोणत्या उपग्रहावर कधी आदळणार ते आधीच सांगेल आणि उपग्रह बाजूला सरकेल, अशी एक समजूत आता रूढ झाली आहे. बातम्यांत ती दिसते, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिसते, नव्या कंपन्यांच्या सादरीकरणांतही दिसते. ही समजूत उथळ आहे. आज उपग्रहांचा धोका ओळखण्यात मोठी अडचण आहे ती मोजमापांच्या तुटवड्याची, आणि गणिताची हुशारी वाढवून हा तुटवडा भरून निघत नाही. उलट, तुटपुंज्या मोजमापांवर पोसलेले यंत्र अज्ञानालाच सुरक्षितता समजू लागते. मशीन लर्निंगला या कामात जागा आहे, महत्त्वाची जागा आहे. पण ती भविष्य सांगणाऱ्याची नाही.

वाट कुणाची अडते

आधी प्रश्नाचा आकार पाहू. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवती दहा सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तू ५० हजारांहून अधिक आहेत आणि एक ते दहा सेंटीमीटरचे तुकडे १२ लाखांच्या घरात. यांपैकी नियमित मागोवा घेतला जातो तो साधारण ४० हजार वस्तूंचा. निम्न कक्षेत वस्तूचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास असतो. या वेगाने नाशिकहून मुंबई वीस सेकंदांच्या आत मागे पडते. समोरासमोरच्या टकरीत दोन्ही वेग एकवटतात. लिंबाएवढा धातूचा तुकडा अशा वेळी उपग्रहाचा अंत करू शकतो.

भारताचा रिसोर्ससॅट-२ए डिसेंबर २०१६ मध्ये गेला तो सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवर. पिकाखालचे क्षेत्र, पाणलोट, जंगल यांच्या नोंदी अशा उपग्रहांच्या चित्रांवरून होतात. निफाड-दिंडोरीच्या शिवाराचेही असेच मोजमाप होते. जानेवारी २००७ मध्ये चीनने स्वतःचा निकामी हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तो ८६५ किलोमीटर उंचीवर, आणि त्यातून माग काढता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ या उपग्रहांची टक्कर झाली ती ७८९ किलोमीटरवर. म्हणजे आपला उपग्रह या दोन घटनांच्या मधल्या पट्ट्यातून फिरतो. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की तिथला कचरा खाली यायला दशके जातात.

यात भारताचाही वाटा आहे, तो लपवू नये. ऑक्टोबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ ने उपग्रह सोडले; दोन महिन्यांनी त्याचा वरचा टप्पा कक्षेतच फुटला आणि साडेतीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर इस्रोने टप्प्यातले उरलेले इंधन आणि दाब काढून टाकण्याची पद्धत अंगीकारली.

इशाऱ्यात काय लिहिलेले असते

दोन वस्तू धोकादायक जवळ येणार असे दिसले की उपग्रहचालकाला एक इशारा-संदेश येतो. त्यात जवळ येण्याची नेमकी वेळ असते, त्या वेळचे अंदाजे अंतर असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही वस्तूंच्या स्थानांबद्दलची अनिश्चितता असते. ही अनिश्चितता डोळ्यांसमोर आणायची तर लंबगोल भोपळा आठवावा: वस्तू या भोपळ्यात कुठेतरी आहे, बहुधा मध्याजवळ. प्रवासाच्या दिशेने हा भोपळा कितीतरी किलोमीटर लांब असू शकतो, आडवा मात्र अरुंद. आठवडाभर आधी पहिला संदेश येतो, मग दिवसाला दोन-तीन येत राहतात. प्रत्येक नव्या मोजमापाबरोबर भोपळा आकसतो आणि टकरीची शक्यता वर-खाली होते.

२०२३ मध्ये इस्रोला अमेरिकेच्या अवकाश कमांडकडून असे सुमारे १ लाख इशारे आले. त्या वर्षी भारतीय उपग्रहांना प्रत्यक्ष बाजूला सरकवावे लागले ते २३ वेळा. लाख आणि तेवीस यांच्यामधली चाळणी हे बेंगळुरूतल्या अभियंत्यांचे रोजचे काम आहे.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. २७ नोव्हेंबर २०२० रोजी भारताचा कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कानोपस-व्ही एकमेकांजवळून गेले. दोघेही चालू उपग्रह, दोन्ही देशांच्या संस्था सक्षम. रशियाने अंतर सांगितले २२४ मीटर, इस्रोने सांगितले ४२० मीटर. यात कुणी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. ज्याची त्याची मोजमापे वेगळी होती, म्हणून उत्तरे वेगळी आली. १५० मीटरच्या आत अंतर आले असते तर उपग्रह हलवला असता, असे इस्रोच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितले होते. उपग्रह हलवण्याची मर्यादा १५० मीटर आणि दोन संस्थांच्या मोजणीतली तफावत जवळपास २०० मीटर, ही खरी परिस्थिती आहे. अशा तफावतीवर कोणतीही शिकवलेली यंत्रणा बसवली तरी तिला या दोन्हींपैकी एका आकड्यावर विसंबावे लागेल.

पहिला मुद्दा: अज्ञान सुरक्षित दिसते

निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या शिरला आहे आणि तो अमुकच गटात आहे असे ठाऊक असेल, तर त्या गटाशेजारचे घर धोक्यात आहे हे कुणीही सांगेल. आता बातमी एवढीच आली की बिबट्या तालुक्यात कुठेतरी आहे. गणित केले तर तो नेमका त्याच घरामागे असण्याची शक्यता फार कमी निघते. बिबट्या मात्र तिळभरही लांब गेलेला नाही. बातमी धूसर झाली, एवढेच घडले.

टकरीच्या शक्यतेचे गणितही असेच वागते. भोपळा लहान असताना शक्यता स्पष्ट दिसते. भोपळा अवाढव्य झाला की ती विस्तीर्ण जागेत पसरते आणि आकडा नगण्य होतो. त्यामुळे इशाऱ्यातला छोटा आकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो: वस्तू खरोखर लांबून जाणार आहे, किंवा ती कुठे आहे हे कुणालाच नीट ठाऊक नाही.

२००९ ची टक्कर याचा सर्वांत कडू धडा आहे. सार्वजनिक कक्षामाहितीवर चालणाऱ्या ‘सॉक्रेटिस’ या सेवेने त्या दिवशी इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ यांच्यातले अंतर ५८४ मीटर सांगितले होते. त्याच दिवशीच्या यादीत याहून जवळचे कितीतरी प्रसंग होते. हा प्रसंग वेगळा काढून बघावा असे त्या आकड्यात काहीच नव्हते. प्रत्यक्षात ते अंतर शून्य ठरले, दोन्ही उपग्रह चिंधड्या झाले आणि मोजता येण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे मागे राहिले. गणित चुकलेले नव्हते. गणिताला दिलेली माहितीच शेकडो मीटरनी सैल होती.

या आकड्यांवर यंत्राला शिकवले की ते सैल माहितीलाच ‘धोका नाही’ असे म्हणायला शिकते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने. माणूस निदान विचारतो तरी, की या तुकड्याला शेवटचे कधी पाहिले?

दुसरा मुद्दा: न घडलेल्या घटनांची शाळा

यंत्र उदाहरणांवरून शिकते. पानाच्या हजारो छायाचित्रांवरून भुरी रोग ओळखायला ते शिकू शकते, कारण भुरी आलेली हजारो पाने उपलब्ध असतात. नोंदीतल्या वस्तूंच्या अवकाशातल्या टकरी मात्र बोटांवर मोजाव्यात इतक्या. मग यंत्राला शिकवायचे कशावरून? सध्या ते शिकते ते इशाऱ्यांच्या मालिकेवरून: पहिल्या पाच दिवसांचे संदेश पाहून शेवटच्या संदेशात शक्यतेचा आकडा काय असेल ते ओळखायचे. हे टकरीचे भाकीत नव्हे. हे पुढच्या इशाऱ्याचे भाकीत आहे. दोन्हींत फार मोठे अंतर आहे आणि लोकप्रिय लेखनात ते जवळपास नेहमी गाळले जाते.

युरोपीय अवकाश संस्थेने २०१९ मध्ये याच प्रश्नावर खुली स्पर्धा घेतली. २०१५ पासूनचे खरे इशारे ओळख पुसून सर्वांना दिले आणि जवळीक घडण्याच्या दोन दिवस आधी अंतिम धोका सांगा असे आव्हान दिले. ९७ संघ उतरले. तुलनेसाठी ठेवलेली साधी पद्धत अशी, की हाती असलेल्या शेवटच्या संदेशातला आकडाच उत्तर म्हणून लिहायचा. बहुसंख्य संघांना या साध्या पद्धतीवरही मात करता आली नाही. जिंकलेल्यांनी सुधारणा केली, ती मोलाची आहे, पण ती माफक होती. यात त्या संशोधकांचा कमीपणा नाही; मिळालेल्या माहितीत जेवढे होते तेवढेच बाहेर आले.

म्हणून एखाद्या प्रकल्पात ‘९९ टक्के अचूकता’ लिहिलेली दिसली की थांबून विचारावे. शंभरातले नव्याण्णव इशारे निरुपद्रवी असतील, तर डोळे मिटून दर वेळी ‘धोका नाही’ म्हणणाऱ्यालाही नव्याण्णव टक्के गुण मिळतात. उपग्रह जातो तो उरलेल्या एकात.

त्यात सूर्य. सौर वादळ आले की वरचे वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षांतल्या वस्तूंवरचे घर्षण एकाएकी वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडल्यानंतर असेच वादळ आले आणि त्यांतले बहुतेक वातावरणात जळून गेले. ते वादळ फार मोठेही नव्हते. शांत सूर्याच्या वर्षांतल्या नोंदींवर शिकलेले यंत्र अशा दिवशी अनोळखी गावात आल्यासारखे होते, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याची सर्वाधिक गरज असते.

तिसरा मुद्दा: बाजूला होणे फुकट नसते

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगे फुटले आणि पावसाचा अंदाज आला की द्राक्षबागायतदारापुढे प्रश्न उभा राहतो: डाऊनी रोगाची फवारणी आज घ्यायची की उद्याचे आभाळ बघून? फवारणी चुकली तर घड जातो. दर अंदाजाला फवारले तर औषध, डिझेल आणि मजुरी वाया जाते, शिवाय रसायनाचे अंश राहतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे नाकारली गेली, ते दिवस नाशिक जिल्हा विसरलेला नाही. अंदाज हा निर्णयाचा कच्चा माल असतो, निर्णय वेगळा घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारी कुणाची तरी असते, हे बागायतदाराला समजावून सांगावे लागत नाही.

उपग्रह सरकवण्याचेही असेच आहे. प्रत्येक हालचालीला इंधन लागते आणि इंधन संपले की उपग्रहाचे काम संपते. चित्रे घेणे थांबते. नवी कक्षा तिसऱ्याच कुणाच्या वाटेत येत नाही ना, हेही तपासावे लागते. समोरची वस्तू चालू उपग्रह असेल तर तो काय करणार हे विचारावे लागते. २ सप्टेंबर २०१९ रोजी युरोपच्या एओलस उपग्रहाने स्टारलिंकच्या एका उपग्रहाला चुकवले. शक्यता हजारात एकच्या वर गेली होती, आणि दोन्ही बाजूंचा संवाद होता ई-मेलवरचा. तोही वाढलेल्या धोक्याच्या वेळी अपुरा पडला. कक्षेत उजवी-डावी बाजू ठरवणारा वाहतुकीचा नियम नाही. या पोकळीत यंत्राने कितीही नेमका आकडा दिला तरी कोण हलणार, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि ज्यांना हलताच येत नाही त्यांचे काय? पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने कक्षेत गेला. जेमतेम किलोभर वजन, अभिमान वाटावा असे काम. पण अशा छोट्या उपग्रहाला इंजिन नसते. इशारा आला तरी तो वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. मोठ्यांचीही हीच गत होते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नासाचा टाइमेड आणि रशियाचा निकामी कॉसमॉस-२२२१ एकमेकांपासून वीस मीटरपेक्षा कमी अंतरावरून गेले. दोघांपैकी कुणालाही वळता येत नव्हते. भाकीत हाती होते आणि जगभरचे तज्ज्ञ फक्त पाहत होते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप वजनदार आहे. लाखभर इशारे माणसांनी किती काळ वाचायचे? उपग्रहांची संख्या वाढते आहे, नवी रडारे लागली की पूर्वी न दिसणारे तुकडे यादीत येतील आणि इशारे आणखी वाढतील. हे पूर्णपणे खरे आहे, आणि मशीन लर्निंगची योग्य जागा इथेच आहे. कोणत्या इशाऱ्याकडे आधी बघायचे, कोणत्या तुकड्यावर आज रात्री रडार फिरवले तर सर्वांत जास्त शंका मिटेल, वरच्या हवेची घनता उद्या किती असेल, एखाद्या परक्या उपग्रहाने गुपचूप कक्षा बदलली का, ही सगळी कामे यंत्र उत्तम करू शकते. ते चाळणीचे काम आहे. चाळणीला निवाड्याचे अधिकार द्यायचे नसतात.

दुसरा आक्षेप असा, की स्वयंचलित यंत्रणा तर आजच यशस्वी आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या सहा महिन्यांत स्टारलिंकच्या उपग्रहांनी टक्कर टाळण्यासाठी जवळपास ५० हजार वेळा जागा बदलली. बरोबर. पण त्या यशाचे कारण पाहावे. त्या उपग्रहांवर स्वतःचे स्थान मोजणारी उपकरणे आहेत, म्हणजे एका बाजूची अनिश्चितता फार लहान आहे. त्यांच्यावर इंजिन आहे. आणि निर्णयाचा मालक एकच आहे. मोजमाप, हालचाल आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी जागेवर असल्या की स्वयंचलन चालते. हे उदाहरण मुख्य प्रतिपादनाला पुष्टीच देते.

तिसरा आक्षेप पैशाचा. अमेरिका इशारे फुकट देते, मग भारताने रडारांवर खर्च का करावा? कारण उधारीचे मोजमाप देणाऱ्याच्या सोयीने येते. कोणता तुकडा किती वेळा पाहायचा, कोणती माहिती उघड करायची, कोणती राखायची, हे तो ठरवतो. शेजाऱ्याच्या विहिरीवर बाग जगते, पण टंचाईच्या वर्षी नाही.

स्वतःच्या मोजमापाने काय साधते ते चांद्रयान-२ ने दाखवले. २० ऑक्टोबर २०२१ रोजी चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ ते नासाच्या लूनर रिकनिसन्स ऑर्बिटरच्या फार जवळून जाणार असे दिसले. दोन्ही संस्थांनी आपापली गणिते ताडून पाहिली, एकमत केले आणि १८ तारखेला चांद्रयानाची कक्षा थोडी बदलली. तिथे दोन संस्था होत्या, दोघींकडे स्वतःचे आकडे होते आणि बोलणे झाले.

भारताने काय करावे

सुरुवात झालेली आहे. श्रीहरिकोट्याला अनेक वस्तूंचा एकाच वेळी मागोवा घेणारे रडार आहे, २०१९ मध्ये अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवण्यासाठी ‘नेत्र’ प्रकल्प हाती घेतला गेला आणि जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूत सुरक्षित अवकाश-संचालनाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. चांद्रयान-३ चे उड्डाण टक्कर टाळण्यासाठी ४ सेकंद पुढे ढकलले गेले, पीएसएलव्ही-सी५६ चे एक मिनिट. २०३० पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले. आसाममधल्या चंद्रपूरला रडार आणि लडाखमधल्या हानले इथे दुर्बीण उभारण्याची योजना आहे. खर्च कुठे करायचा याचे उत्तर या योजनेत आहे, आणि ती रखडता कामा नये.

त्या चंद्रपूरचे नाव ऐकताना महाराष्ट्राला आपला चंद्रपूर जिल्हा आठवावा. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आकाशातून येऊन मोकळ्या जागेत पडले. चिनी लाँग मार्च-३बी अग्निबाणाचा तो अवशेष असावा असे अभ्यासकांचे मत पडले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. असा टप्पा कधी खाली येईल याच्या अंदाजात एका मिनिटाची चूक झाली तर पडण्याची जागा साडेचारशे किलोमीटरनी सरकते. व्यवहारात ही चूक मिनिटांची नसून बहुधा तासांची असते. लाडबोरीच्या लोकांना कुणी आधी सांगू शकले नाही, कारण खाली येणाऱ्या त्या टप्प्याला शेवटच्या फेऱ्यांत सतत पाहणारे पुरेसे डोळे जमिनीवर नव्हते.

रडारांबरोबर आणखी एक गोष्ट लगेच करता येईल. धोक्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी दोन नोंदी सक्तीच्या असाव्यात: या वस्तूचे शेवटचे मोजमाप किती तासांपूर्वीचे आहे, आणि अनिश्चितता किती. हे दोन रकाने नसलेला आकडा निर्णयासाठी वापरू नये. यंत्रालाही हेच शिकवावे, की त्याच्यापुढे ‘धोका’ आणि ‘धोका नाही’ यांशिवाय तिसरे उत्तर उपलब्ध आहे: ‘सांगता येत नाही, पुन्हा मोजा.’

नाशिकच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यात आजच काम आहे. युरोपीय संस्थेच्या स्पर्धेतले इशारे खुले आहेत. त्यांतल्या प्रत्येक मालिकेचे शेवटचे दोन दिवस झाकावेत, यंत्राला तिन्ही उत्तरांची मुभा द्यावी आणि गुण द्यावेत ते तिसरे उत्तर त्याने किती वेळा योग्य जागी दिले यावर. या प्रयोगाला रडार लागत नाही, निधी लागत नाही. एक साधा लॅपटॉप आणि एक सत्र पुरते.